खरखर नेमकी कुठून येते?

प्रश्न: कराड तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र, थोडक्यात देतो. वय २६. दिवसा पतसंस्थेत नोकरी, संध्याकाळी आणि रविवारी घरच्या खोलीत गाण्यांचं काम. भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, गणपती-नवरात्रात मंडळांची गाणी, अधूनमधून एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं. स्वतः पेटी आणि कीबोर्ड वाजवतात. लॅपटॉप जुना: आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०, त्यावर एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर. माइक यूएसबीचा, हेडफोन लॅपटॉपला लावलेला. पंधरा-वीस ट्रॅक झाले की खरखर सुरू होते आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतून १,४५,००० रुपयांचं कोटेशन आणलं आहे: 'एफ' अक्षराचा आय-७, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, लिक्विड कूलर, लाइटवाला काचेचा कॅबिनेट. मित्र म्हणतो, मॅकच घे, प्रोफेशनल लोक मॅकवरच काम करतात. कर्ज पतसंस्थेतूनच मिळतंय. 'यातलं कोणतं घेऊ? एकदाच घ्यायचंय, आणि माझ्या गाण्यांना स्टुडिओसारखा आवाज यायला हवा.'

उत्तर:

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर तुम्ही एकच उपाय धरून बसला आहात. खरखर येते, ही एक. गाणाऱ्याला आवाज उशिरा येतो, ही दुसरी. गाणं स्टुडिओसारखं वाटत नाही, ही तिसरी. नव्या कॉम्प्युटरने पहिली बरीचशी मिटेल, दुसरी थोडीफार, आणि तिसरी अजिबात नाही. गंमत म्हणजे कर्ज काढायची तुमची तयारी तिसरीसाठी आहे.

उशिरा येणाऱ्या आवाजापासून सुरू करू, कारण तिथे बिचाऱ्या लॅपटॉपवर नाहक आळ आलाय. माइकमधला आवाज आकड्यांत बदलतो, ड्रायव्हरमधून (म्हणजे उपकरण आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) एफएल स्टुडिओत जातो आणि तसाच माघारी हेडफोनला येतो. या वाटेवर तो थोडा थोडा साठवून पुढे सोडला जातो. त्या साठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं (सॅम्पल) घेताना, ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद. जाताना तेवढे, येताना तेवढे, शिवाय ड्रायव्हरचे वरखर्च. बेरीज पंचवीस-तीसच्या घरात जाते. हवेतून एक मीटर जायला आवाजाला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तबलजीला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, दहा मीटरवर बसवून ठेका धरायला लावल्यासारखं झालं. विंडोजचा साधा ड्रायव्हर निवडलेला असेल तर उशीर याच्या कितीतरी पट होतो.

मग बफर १२८ वर आणावा, म्हणजे २.९ मिलिसेकंद? जरूर, पण तेव्हा प्रोसेसरला दर २.९ मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा तयार ठेवावा लागतो. एकदा जरी चुकला तरी 'टक्' ऐकू येतं, आणि असे टक् सलग आले की तीच तुमची खरखर. बफर कमी केला की खरखर, वाढवला की उशीर, या कात्रीत घरी रेकॉर्डिंग करणारा प्रत्येक जण सापडतो. दीड लाखाच्या मशीनवरही ही कात्री असतेच, फक्त तिचं टोक थोडं लांब जातं.

यातून सुटायची वाट अशी की गाणाऱ्याचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरवून आणायचाच नाही. ऑडिओ इंटरफेस नावाचा जो छोटा डबा मिळतो, माइक आणि कॉम्प्युटरच्या मध्ये बसणारा, त्यात डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं. माइकचा आवाज तिथल्या तिथे हेडफोनला जातो, कॉम्प्युटर फक्त लिहून घेतो. बफर १०२४ असला तरी गाणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुमच्या यूएसबी माइकच्या बुडाशी किंवा पाठीमागे हेडफोनचं भोक आहे का, ते आजच बघा. बऱ्याच माइकना असतं आणि कित्येक जण ते कधी वापरतच नाहीत. असेल तर हेडफोन तिथे लावा आणि एफएल स्टुडिओत आउटपुटही त्या माइकवरच द्या. तुमची दुसरी तक्रार बिनपैशाची मिटली.

याचा आणखी एक फायदा आहे. सध्या माइकचं घड्याळ वेगळं आणि लॅपटॉपच्या साउंड चिपचं वेगळं. दोन्ही ४४,१०० म्हणत असली तरी तंतोतंत बरोबरीने कधीच धावत नाहीत. ड्रायव्हर त्यांची सांगड घालत बसतो, आणि ती सुटली की टकटक येते. आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच उपकरणातून गेला की हे भांडणच संपतं.

आता खरखर. यासाठी एक संध्याकाळ काढा. ज्या गाण्यात हमखास खरखर येते ते उघडा. चार्जर लावलेला असू द्या, विंडोजचं पॉवर सेटिंग सगळ्यात वरच्या परफॉर्मन्सवर ठेवा, माइक काढून ठेवा. ऑडिओ सेटिंगमध्ये 'एफएल स्टुडिओ असिओ' हा ड्रायव्हर निवडा, बफर १०२४ वर न्या आणि गाणं पहिल्यापासून लावा. त्याच खिडकीत 'अंडररन्स' नावाचा आकडा दिसतो; प्रोसेसर वेळेत पोचला नाही की तो वाढतो. शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा आणि प्रोसेसर, मेमरी, डिस्क या तीन रकान्यांवर नजर असू द्या.

खरखर गेली, तर बफर लहान होता, विषय संपला. रेकॉर्डिंगला कमी, मिक्सिंगला (सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवताना) जास्त, एवढी सवय लावून घ्या.

मेमरी नव्वद टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क शंभरावर चिकटलेली दिसली, तर रॅम भरलीय आणि विंडोज हार्ड डिस्कलाच रॅम म्हणून वापरतंय. ८ जीबीत विंडोज, एफएल स्टुडिओ आणि एखादी ढोलकी-ताशाची किंवा स्ट्रिंग्जची सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच) म्हटल्यावर हेच निघेल, असा माझा अंदाज आहे.

मेमरी रिकामी, प्रोसेसर चाळीस टक्क्यांवर, तरीही अंडररन्स वाढतायत, असंही होतं, आणि इथे बरेच जण गोंधळतात. चाळीस टक्के ही सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवेगळ्या कामकऱ्यांची, सरासरी असते. एका ट्रॅकवर आधी इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब असे आवाजावर संस्कार करणारे प्लगइन असतील तर पहिल्याचं संपल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही. ती अख्खी रांग एकाच कोअरवर चालते. तिकडे तो एक कोअर घामाघूम आणि बाकीचे रिकामटेकडे. मास्टरवर चार-पाच जड प्लगइन लावले असतील तर हे हमखास होतं, कारण सगळे ट्रॅक शेवटी तिथेच येतात. मास्टरवरचे प्लगइन बंद करून बघा. त्यानेच फरक पडला तर ते मिक्सिंग संपेपर्यंत बंदच ठेवा. ज्या ट्रॅकचं काम झालंय त्याची ऑडिओ फाइल करून ठेवा आणि त्याचं मूळ वाद्य बंद करा.

आणि एकच ट्रॅक असतानाही ठरावीक वेळाने टक् येत असेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्या. वाय-फाय बंद करून ऐका. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून बसलाय त्याचं नाव सांगतं. बहुतेकदा वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरी-पॉवरचं काही निघतं. ही खोड नव्याकोऱ्या, महागड्या मशीनमध्येही असू शकते, म्हणून सांगतोय.

रॅम आणि डिस्क दोषी निघाली तर लॅपटॉपची पाठ उघडून घ्या. रॅमची जागा मोकळी आहे की रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे, हे कराडमधला कुठलाही दुरुस्तीवाला पाच मिनिटांत सांगेल. १६ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, एवढ्याने मशीन ओळखू येणार नाही इतकं बदलतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आठव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, त्यामुळे तेवढ्यासाठी लॅपटॉप मोडीत काढायला नको. मात्र विंडोज बदलायचा खटाटोप गणपतीच्या तोंडावर करू नका. माघ-फाल्गुनात निवांत करा.

हे सगळं करूनही मशीन अपुरं पडलं तर नवं घ्याच. पण ते कोटेशन बाजूला ठेवा. ते वाईट नाही, चुकीच्या माणसासाठी आहे. गेम खेळणाऱ्या पोराला ते छान शोभेल.

ग्राफिक्स कार्ड ही त्यातली तुमच्यासाठी सगळ्यात निरुपयोगी ओळ. आवाजाची आकडेमोड प्रोसेसर करतो. ट्रॅक आणि फेडर पडद्यावर दाखवायला प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरतं. यूट्यूबसाठी शब्दांचा व्हिडिओ करायलाही पुरतं. मेख अशी की इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' असतो त्यात हे अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणून मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. दुकानदाराला सांगा, 'एफ' नको आणि कार्डही नको. त्या दोन शब्दांनी कोटेशनचा मोठा लचका निघून जाईल. पुढेमागे व्हिडिओ एडिटिंगचा धंदाच केलात तर कार्ड तेव्हा बसवता येतं.

प्रोसेसर निवडताना एका कोअरचा वेग आधी बघा, कोअरची संख्या नंतर. कारण वर सांगितलंच. तुमच्या कामाला अलीकडच्या पिढीचा चांगला आय-५ किंवा त्याच्या तोडीचा रायझन भरपूर आहे. वाचलेल्या पैशांतून रॅम ३२ जीबी करा. दीड लाखाच्या मशीनला १६ जीबी आणि त्यात आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, हा हिशेब मला पटलेला नाही.

एसएसडीच्या वेगावरून दुकानात बरंच ऐकवतात. आपण हिशेब करू. ४८,००० सॅम्पल रेटचा, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट खातो. वीस ट्रॅक धरले तरी सेकंदाला ३ मेगाबाइटच्या आत. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या आसपास देते. मग सेकंदाला साडेसात हजार मेगाबाइटवाली कशाला? एसएसडी हवी ती विंडोज, सॉफ्टवेअर आणि सॅम्पल लायब्ररी झटपट उघडण्यासाठी, आणि त्याला साधीही चालते. वीस ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं एक जीबीच्या आत बसतं. तुमची जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपला वापरा. मंडळाची गाणी दरवर्षी 'गेल्या वर्षीचंच, फक्त नाव बदलून' अशी मागितली जातात, तेव्हा जुना प्रोजेक्ट सापडायला हवा.

लिक्विड कूलर नको. त्याचा पंप चालतो आणि रेडिएटरवर पंखेही असतातच. माइक ज्या खोलीत, त्याच खोलीत कॅबिनेट असेल तर तुम्हाला गारव्याइतकीच शांतता हवी. मोठे, सावकाश फिरणारे पंखे, बंद बाजूंचा साधा कॅबिनेट, आणि लांब वायर घेऊन तो टेबलाच्या मागे किंवा दाराबाहेर. अभंगाच्या आलापामागे पंख्याची घरघर आली की ती नंतर काढताना गळ्याचा गोडवाही थोडा निघून जातो.

कोटेशनमध्ये जे नाही तेही बघा. यूपीएस नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, डेस्कटॉपला नाही. भजनी मंडळाची बारा माणसं जमलीत, टेक रंगात आलाय आणि लाइट गेली, हे गावाकडे रोजचंच. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का ते तपासा. चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर आवाजात भुणभुण शिरते. अर्थिंगही तपासून घ्या. ५० हर्ट्झची घुं ऐकू येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका, जिवाशी खेळ आहे. वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घ्या.

मॅकबद्दल. तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. मॅकमध्ये आवाजाची यंत्रणा सिस्टिममध्येच नीट बसवलेली आहे, बरेच इंटरफेस लावले की वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात, आणि २०२० पासून आलेले एम मालिकेचे प्रोसेसर या कामाला खरोखर उत्तम आहेत. एफएल स्टुडिओही मॅकवर चालतो. २०२४ च्या शेवटी आलेल्या एम ४ मॅक मिनीत पहिल्या पायरीच्या, सगळ्यात स्वस्त मॉडेललाच १६ जीबी रॅम आहे आणि ती डबी जवळजवळ आवाजच करत नाही. नवंच घ्यायचं झालं तर त्या काचेच्या कॅबिनेटपेक्षा मी तिच्याकडे वळेन. पण तिची रॅम पुढे वाढवता येत नाही, घेताना घेतली तेवढीच. पहिल्या पायरीच्या मॉडेलची २५६ जीबी साठवण लवकर भरते, म्हणजे बाहेरची एसएसडी आली. स्क्रीन, कीबोर्ड, माऊस वेगळे. आणि बिघडली तर कराडचा दुरुस्तीवाला हात वर करणार. मोठ्या शहराची फेरी ठरलेली. आता प्रोफेशनल लोकांविषयी: ते मॅकवरही काम करतात आणि विंडोजवरही. ऐकणाऱ्याला गाण्यातून ते कळत नाही.

तुमच्या तिसऱ्या तक्रारीकडे आता येतो. स्टुडिओसारखा आवाज. चार सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी, अशा खोलीत कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा) ठेवलात तर तो गळ्याइतकीच खोलीही पकडतो. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे 'ट्रंग' असा पत्र्यासारखा आवाज उमटला, तर तोच तुमच्या प्रत्येक गाण्यात आहे, आणि कुठलाही प्रोसेसर तो काढू शकत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड वाकळी टांगा, भिंतीला चिकटवून नव्हे, वितभर अंतर सोडून. खाली सतरंजी. माइक तोंडापासून वितीवर, किंचित तिरका. मग तीच टाळी, तोच अभंग, तोच जुना लॅपटॉप, आणि दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका.

पेटीचंही तसंच. एकाच यूएसबी माइकवर पेटी आणि गळा दोन्ही घेताय, म्हणून मिक्सिंगला हात बांधले जातात. गळा वर काढला की पेटीही वर येते. दोन माइकच्या इंटरफेसने दोन्हींचे ट्रॅक वेगळे मिळतील. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेचा फसफसाट येतो. आणि रेकॉर्डिंग करताना गाणाऱ्याला बंद कपांचा, वायरचा हेडफोन द्या. ब्लूटूथ अजिबात नको, त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण पत्रासोबत प्लगइनची जी लांबलचक यादी पाठवलीत ती विकत घेतलेली दिसत नाही. उपदेश करत नाही. फक्त एवढंच की अर्धवट चालणारे क्रॅक हेही खरखरीचं आणि अचानक बंद पडण्याचं मोठं कारण असतं, शिवाय पतसंस्थेचं काम त्याच लॅपटॉपवर करत असाल तर व्हायरसचा धोका वेगळाच. एफएल स्टुडिओसोबत आलेलं इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर तुमच्या कामाला पुरतात. नवीन शिकायची तयारी असेल तर रीपर हे एफएल स्टुडिओसारखंच दुसरं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि छोट्या व्यावसायिकांसाठी त्याचं लायसन्स ६० डॉलरचं आहे.

पत्रं लिहिणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन वाक्यं. कार्यक्रमात, ऑर्केस्ट्रात ट्रॅक वाजवणाऱ्यांनी डेस्कटॉपचा विचारच करू नये. चांगला लॅपटॉप, त्यात गाण्यांखेरीज दुसरं काही नाही, आणि सोबत तीच गाणी भरलेलं दुसरं एखादं साधन. मोठ्या ऑर्केस्ट्रल लायब्ररीवर मालिका-सिनेमाचं पार्श्वसंगीत करणाऱ्यांना मात्र ६४ जीबी रॅमही कमी पडू शकते, त्यांनी वरचं काटकसरीचं गणित लावू नये.

पैशांचं म्हणाल तर एकदाच सगळं घेण्याचा हट्ट सोडा. तुमची कमाई हंगामी आहे, हप्ता बारमाही असेल. गणपती-नवरात्र सोडून उरलेल्या महिन्यांत तो पगारातून जाईल, आणि मग आवडीचं काम ओझं वाटायला लागतं. आधी टाळी आणि वाकळी, मग ती एक संध्याकाळची तपासणी. त्यानंतर दोन माइकचा इंटरफेस, जो आज दहा-वीस हजारांत चांगला मिळतो, एक साधा टिकाऊ डायनॅमिक माइक (खोलीचा आवाज कमी पकडणारा), बंद हेडफोन. रॅम आणि एसएसडी तपासणीत गरज निघाली तरच. एवढ्यावर एक हंगाम काढा. पुढच्या वर्षी नवा कॉम्प्युटर घेतलात तरी यातली रॅम सोडून जवळजवळ प्रत्येक वस्तू त्याच्यासोबत चालेल.

आणि कोटेशन पक्कं करताना तपकीर गल्लीत काही ॲडव्हान्स देऊन बसला असाल, तर तो बुडाला असं समजू नका. पावती घेऊन जा, आणि त्या रकमेत एसएसडी किंवा यूपीएस द्यायला सांगा. पैसे परत करायला कुरकुर करणारा दुकानदार माल द्यायला सहसा नाही म्हणत नाही.